ताई आता मला 'मॅडम' म्हणतात

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून :

मी पस्तीस वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत २०१४ साली क्लार्क म्हणून लागले. आठ महिन्यांपूर्वी त्याच शाखेत शाखाधिकारी झाले. आमच्या हेड कॅशियर ताई चोपन्न वर्षांच्या आहेत. नोटा मोजायच्या कशा, चिडलेल्या गिऱ्हाइकाला बसवायचं कसं, सगळं त्यांनी शिकवलं. जीडीसी अँड एच्या, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या, परीक्षेच्या वेळी माझं काउंटर त्यांनीच सांभाळलं. बढती झाली तेव्हा शाखेत पेढेही त्यांनीच वाटले.

दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी कॅश जुळेना. ४,५०० रुपये कमी येत होते. ताई म्हणाल्या, "आपण सगळ्या मिळून भरू, उद्या बघू कुठं गेलेत ते." पूर्वी आम्ही असं केलेलं आहे. पण आता सही माझी असते. मी रजिस्टरला नोंद केली. ताई बस पकडायला गेल्यावर हेड ऑफिसला ई-मेल केला. मग बसून स्लिपा चाळल्या, तर ५०० च्या विड्रॉवलला ५,००० दिले गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांनी पैसे परत आणून दिले. पण सकाळीच हेड ऑफिसमधून ताईंना फोन आला होता, आणि चार दिवसांनी मेमो. बावीस वर्षांतला पहिला.

तेव्हापासून त्या कामापुरतंच बोलतात आणि मला 'मॅडम' म्हणतात. "मला मॅडम म्हणू नका" असं मी सगळ्यांसमोर सांगून पाहिलं, त्यांनी "बरं मॅडम" म्हटलं. डब्याला मी गेले की गप्पा थांबतात, म्हणून आता केबिनमध्ये एकटी जेवते. बाकीच्यांनी मला वगळून व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, हे शिपाईमामांकडून कळलं. तिजोरीची एक किल्ली ताईंकडे, एक माझ्याकडे. रोज सकाळी शेजारी उभ्या राहून आम्ही तिजोरी उघडतो आणि एक शब्द बोलत नाही. घरचे म्हणतात, त्या जळतात तुझ्यावर. मी नियमानंच वागले ना? मग बदली मागू, कडक होऊ, की माफी मागून मेमो मागे घ्यायला लावू?

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ४,५०० या आकड्यापाशी थांबले.

कॅशमधल्या फरकाला नऊने भाग जात असेल तर आधी दोन शंका घ्यायच्या. एक तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल, नाहीतर कुठं एक शून्य जास्त लागलं असेल. ४,५०० ला नऊने भागलं की ५०० येतात, म्हणजे ५०० ची स्लिप शोधायची, जिला ५,००० गेले असतील. जुने कॅशियर हे नव्या माणसाला पहिल्या महिन्यात शिकवतात. तुम्ही त्या संध्याकाळी नेमकी तीच स्लिप काढलीत. ही युक्ती तुम्हाला कुणी दाखवली हे पत्रात नाही, पण माझा अंदाज चुकत नसावा. ताईंनी शिकवलेल्या युक्तीनंच तुम्ही ताईंची चूक शोधलीत, आणि शोधलीत तेव्हा ताई तिथं नव्हत्या. माझ्या मते तुमच्या दुखण्याचं मूळ इथं आहे. मेमो त्यानंतर आला.

'मी नियमानंच वागले ना' या प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. रजिस्टरला नोंद करणं ही एक, आणि ताईंना न सांगता ई-मेल पाठवणं ही दुसरी. पहिलीबद्दल मनात तसूभरही किंतु ठेवू नका. ते मी का म्हणते, ते सांगते.

मी स्वतः सहकारी बँकेत एकोणतीस वर्षं काढली. ऑफिसर झाले तेव्हा आमचा कॅशियर माझ्याच बॅचचा होता, आम्ही एकाच दिवशी कामाला लागलेलो. कधी ५० कमी, कधी २०० कमी. आम्ही खिशातून भरायचो, वर चहा प्यायचो, नोंद कधी केली नाही. मैत्री जपतोय असंच मला वाटायचं. मग एका मार्चअखेरीला २०,००० कमी आले. ऑडिटर आले आणि त्यांनी कॅश तुटीचं रजिस्टर मागितलं. पाच वर्षांची पानं कोरी होती. त्यांनी साधा प्रश्न विचारला : पाच वर्षांत ज्याचा एक रुपया कमी पडला नाही, त्याचे एकदम वीस हजार कसे कमी पडतात? कोऱ्या पानांनी त्या प्रामाणिक माणसाला चोर ठरवलं. चौकशी आठ महिने चालली. आम्ही तूट खिशातून भरत होतो हे सांगायला मी कचरले, कारण रोजच्या हिशेबावर सही माझी होती. शेवटी चूक दुसऱ्या शाखेतून आलेल्या बंडलांत निघाली आणि तो सुटला. पण काउंटरवर तो परत बसला नाही. माझ्याबरोबर चहाही पुन्हा कधी प्यायला नाही.

म्हणून सांगते, तुमच्या नोंदीनं ताईंना धोका झाला नाही. उलट बावीस वर्षांत एकदा ४,५०० ची चूक, दुसऱ्या दिवशी वसूल, अशी नोंद असलेल्या कॅशियरवर उद्या कुणी बोट ठेवलं तर तीच नोंद तिच्या कामी येईल. लहान गावात बँक म्हणजे लोकांचा विश्वास, बाकी काही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या आठवड्यात आपापल्या शाखेत काय वातावरण होतं ते तुम्हाला आठवत असेल. ज्यांचा त्या बँकेशी संबंध नव्हता तेही पासबुक घेऊन येत होते आणि "आपलं ठीक आहे ना?" विचारत होते. अशा वेळी आपल्या वह्या खऱ्या आहेत हे पक्कं माहीत असलं तरच "हो" म्हणताना नजर खाली जात नाही.

आता ई-मेलची गोष्ट. कळवायचं तर होतंच. पण ताई शाखेत असताना केबिनमध्ये बोलावून "ताई, मला हे कळवावं लागेल, मी असं असं लिहितेय, बघा" एवढं म्हणायला पाच मिनिटं पुरली असती. तुम्ही त्या बस पकडायला जाईपर्यंत थांबलात. का? मला वाटतं, समोरासमोर सांगायची भीती वाटली म्हणून. ही भीती अगदी समजण्यासारखी आहे. ज्या बाईनं आपल्याला नोटा मोजायला शिकवलं, तिला 'तुमची चूक लिहून पाठवतेय' असं तोंडावर सांगणं सोपं नाही. पण त्या भीतीची किंमत ताईंनी मोजली. सकाळी हेड ऑफिसचा फोन आला तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. परक्या माणसाच्या तोंडून आपली चूक ऐकायची, आणि ती सांगणारी आपली पोरगी, हा घाव मेमोपेक्षा खोल जातो.

"आपण सगळ्या मिळून भरू" हे ताईंचं वाक्यही जरा जवळून बघा. तुम्हाला आता त्यात नियमभंग दिसतो, आणि तो आहेच. पण २०१६ च्या नोव्हेंबरात तुम्ही दोघी त्याच शाखेत होतात. ८ तारखेच्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या. पुढं ३० डिसेंबरपर्यंत काउंटरवर काय चाललं होतं ते बँकेबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. रात्री उशिरापर्यंत मोजणी, सुजलेली बोटं, आणि कमी पडलेले पैसे कित्येक कॅशियरनी पदरचे भरलेले. त्या दिवसांत 'मिळून भरू' म्हणजे 'तू एकटी नाहीस' असा अर्थ होता. ताईंनी त्या संध्याकाळी बहुधा तोच अर्थ मनात धरून ते म्हटलं, या वेळी स्वतःसाठी. तुम्ही नाही म्हणालात, ते बरोबर केलंत. पण त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की आता तू एकटी आहेस.

म्हणून 'त्या जळतात' हे घरच्यांचं निदान मला पटत नाही. घरचे तुमच्या बाजूनं बोलणारच, त्यांनी बोलावंही. पण बढतीवर जळणारी बाई पेढे वाटत नाही, आणि तुमच्या परीक्षेच्या वेळी दोन काउंटर ओढत नाही. बढतीनंतर सहा महिने सगळं सुरळीत होतं, बिनसलं ते त्या ई-मेलनंतर. 'जळतात' म्हटलं की आपल्याला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून हा शब्द सोयीचा वाटतो. 'दुखावल्यात' म्हटलं की आपल्याकडं काम येतं.

'मॅडम' या शब्दाचंही तेच. सगळ्यांसमोर "मला मॅडम म्हणू नका" म्हणालात, तेव्हा खरं तर तुम्ही त्यांच्याकडं स्वतःसाठी काहीतरी मागत होतात : माझा अवघडलेपणा घालवा. दुखावलेल्या माणसाकडं ते आत्ता देण्याजोगं नसतं. त्या काय म्हणतात हे त्यांच्यावर सोडा, कदाचित त्या शब्दाआड उभं राहणं त्यांना सध्या सोपं जात असेल. तुमच्या हातात आहे ते तुम्ही त्यांना काय म्हणता. केबिनमध्ये 'ताई', काउंटरवर गिऱ्हाइकासमोरही 'ताई', हेड ऑफिसच्या साहेबांसमोर 'आमच्या ताई'. आपल्याकडं खुर्ची बदलली की लोक आधी हाक बदलते का ते पाहतात. तुमची बदलली नाही हे शाखेतल्या प्रत्येकाला ऐकू येऊ द्या.

डब्याला परत जा. उद्यापासूनच. गप्पा थांबतील, थांबू देत. पहिले आठ-दहा दिवस फार जड जातील, घास उतरणार नाही. पण केबिनमध्ये एकटीनं जेवणारी साहेबीण म्हणजे 'हिनंच आपल्याला टाकलं' असा अर्थ बाहेर लागतो, आणि तुम्हाला आत वाटतं त्यांनी मला टाकलं. फक्त एक पथ्य पाळा. पूर्वी सगळं आवरेपर्यंत बसत होतात, आता जेवण झालं की पाच-दहा मिनिटं आधी उठा. त्यांना साहेबांबद्दल बोलायला जागा लागते. आपण क्लार्क असताना साहेबांबद्दल बोलत नव्हतो का? व्हॉट्सॲप ग्रुपचंही तसंच. तो त्यांचा आहे, असू द्या, त्यात शिरायचा प्रयत्न करू नका आणि तो असल्याचं कळलंय असं दाखवूही नका. ही वाट पदाबरोबर बंद होते आणि त्यात तुमचा दोष नाही. मन मोकळं करायला शाखेबाहेरचं माणूस शोधा, दुसऱ्या शाखेतली तुमच्या बरोबरीची एखादी अधिकारी असेल तर उत्तमच.

मामांशी मात्र स्पष्ट बोला. ते वाईट माणूस आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण जो तिकडचं इकडं आणतो तो इकडचंही तिकडं नेतो, आणि तुम्ही कान दिलात की दोन महिन्यांत सगळी शाखा मामांच्या तोंडून एकमेकांशी बोलायला लागते. "मामा, कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर दार उघडं आहे, निरोप नको," एवढं एकदा प्रेमानं सांगितलं की पुरे. पुढच्या खेपेला ते काही सांगायला लागले तर विषय बदला.

आता तुमचे तीन पर्याय. बदली मागण्याचा विचार मनातून काढा असं मी म्हणणार नाही, पण आत्ता नको. सहकारी बँकेच्या शाखा असतात त्या किती, आणि हेड कॅशियरला मेमो ही बातमी सगळीकडं पोचलेलीच असणार. तुम्ही नव्या शाखेत पाय ठेवाल तेव्हा 'कळवणारी' हे नाव आधीच तिथं पोचलेलं असेल. शिवाय ताईंच्या नोकरीची मोजकी वर्षं उरली आहेत. हा अबोला तसाच घेऊन त्या निवृत्त झाल्या तर तो तुम्हाला जन्मभर पुरेल.

कडक होण्याबद्दल थोडक्यात सांगते. वेळेचा, रजेचा, कॅशचा नियम सगळ्यांना सारखा लावा, मग कडक दिसायची वेगळी गरज पडत नाही. रजेचा तक्ता भिंतीवर लावा. दिवाळीत, लग्नसराईत कुणाला सुट्टी मिळाली आणि कुणाला नाही हे सगळ्यांना दिसलं की निम्मी कुजबूज आपोआप बंद होते. चूक सांगायची ती केबिनमध्ये दार लावून, शाबासकी द्यायची ती काउंटरवर. आणि लोकांनी आपलं म्हणावं म्हणून त्यांची कामं स्वतः उरकत बसू नका. बढती मिळालेल्या बायका हे फार करतात, रात्री आठपर्यंत थांबून दुसऱ्यांच्या नोंदी पुऱ्या करतात. मग माणसं जवळ येत नाहीत आणि शरीरही साथ देत नाही.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी इथं एक सांगायला हवं. मी हे सगळं दुखावलेल्या माणसांबद्दल बोलतेय. कुणी जाणूनबुजून अपमान करत असेल, जातीवरून बोलत असेल किंवा अंगचटीला येत असेल, तर तिथं डब्याला बसून वाट बघायची नसते, तिथं लेखी तक्रार करायची. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तुमचं तसं काही नाही, हे तुमच्या पत्रातूनच दिसतं.

राहिली माफी. मागा, पण कशाची ते आधी स्वतःशी ठरवा. नोंदीबद्दल मागू नका, ते खरं होणार नाही, आणि ताईंनाही कळेल की हे फक्त सलोख्यासाठी चाललंय. न सांगता पाठवलं, याची मागा. जागा मी सुचवू? तिजोरी. बँकेनं दोन किल्ल्या दोघींकडं दिल्यात, कारण कुणा एकीवर सगळा भार पडू नये आणि कुणा एकीवर संशयही येऊ नये. एकटीला ती उघडताच येत नाही. दिवसातून निदान दोनदा तुम्हाला एकमेकींची वाट बघावी लागते. गिऱ्हाईक नसतं, मामा बाहेर झाडत असतात. संध्याकाळची वेळ निवडू नका, तेव्हा ताईंचं लक्ष बसकडं असतं. सकाळी किल्ल्या फिरवून झाल्या, कॅश बाहेर काढली, की एवढंच म्हणा : "ताई, त्या दिवशी नोंद मी करायलाच हवी होती, आणि पुन्हा वेळ आली तरी करीन. पण तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. ते चुकलं माझं."

'पण तुम्हीपण समजून घ्यायला हवं होतं' असं शेपूट त्याला जोडू नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण त्यांनी तुमची समजूत काढावी अशी वेळ त्यांच्यावर आणू नका. त्या काही बोलणार नाहीत, असं धरूनच चाला. "ठीक आहे मॅडम" म्हणतील आणि ट्रॉली घेऊन काउंटरकडं जातील. त्यांना जाऊ द्या. बावीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीला लागलेला डाग एका वाक्यानं निघत नाही. दोन-तीन महिने धरा. मधल्या काळात ज्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही असं काम त्यांच्याकडं न्या : नवा मुलगा लागला तर काउंटर शिकवायचं काम त्यांनाच सांगा, फाटक्या नोटांवरून वाद झाला तर त्यांचं मत विचारा. तोंडदेखलं विचारू नका, माणसाला ते लगेच कळतं. खरोखर अडलं असेल तेव्हाच विचारा.

मेमो मागे घ्यायला लावणं तुमच्या हातात नाही, पण तो निकालात निघावा म्हणून लिहिणं नक्कीच आहे, आणि हे शाखाधिकारी म्हणून तुमचं कामही आहे. हेड ऑफिसला पत्र लिहा. तूट त्याच दिवशी नोंदवली, कारण सापडलं, पूर्ण रक्कम दुसऱ्या दिवशी खातेदाराकडून परत आली. संबंधित कर्मचाऱ्याची बावीस वर्षांची सेवा निर्दोष आहे. सबब हे प्रकरण दप्तरी दाखल करून बंद करावं, अशी शाखेची शिफारस आहे. ताई बोलोत वा न बोलोत, हे पत्र जाऊ द्या. अबोला सोडवायची लाच म्हणून ते लिहायचं नाही, त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे म्हणून लिहायचं.

फक्त या वेळी प्रिंट काढून आधी ताईंपुढं ठेवा. त्यांना चष्मा लावून शांतपणे वाचू द्या. काही बदलायचं असेल तर विचारा, मग सही करा, मग पाठवा.